मोडण्यासाठी लावलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टरची पट्टी आहे. लांबी वीतभर, जाडी बोटभर, आणि मधोमध कंबर बारीक. सेर्नव्हाल गावच्या कॅथेड्रलमध्ये उत्तरेकडच्या मोठ्या खांबावर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर मी बसलेली आहे. आज माझे दोन तुकडे झाले आहेत. पण लगेच हळहळू नका. मोडणं हेच माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. हळहळायचंच असेल तर पुढचं ऐका आणि मग हळहळा.

माझा जन्म १९६१ सालच्या सप्टेंबरात झाला. या खांबाला तेव्हा एक उभी भेग गेली होती, केसाएवढी. आन्सेल्म द्युक्रॉक नावाचा गवंडी घमेल्यात प्लास्टर कालवून आला. त्याने दगड घासला, ओला केला आणि थापीच्या दोन फटकाऱ्यांत मला भेगेवर आडवं बसवलं. ओली होते तोवरच त्याने खिळ्याने माझ्या अंगावर तारीख कोरली. कॅथेड्रलच्या किल्ल्या सांभाळणारा थिओफिल लांग्ले कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होता.

"एवढ्याशा पट्टीनं हा डोंगर धरून ठेवणार होय तुम्ही?" त्याने विचारलं.

"धरायला कोण लावतंय? मोडायला लावतोय," द्युक्रॉक म्हणाला. "दगड हलला तरी तो बोलत नाही. प्लास्टर नाजूक, ते आधी मोडतं. ही मोडली की समजायचं, खांब चालायला लागला."

"आणि खांब चालायला लागला की आपण काय करायचं?"

"आपणही चालायला लागायचं. दाराकडे."

दोघे खदखदून हसले. मी अजून वाळले नव्हते, पण त्या हसण्यातही मला गारठा जाणवला. माझ्या पाठीशी ती भेग होती. तिच्या आतून थंड वारा येत होता.

पुढची अठ्ठावीस वर्षं लांग्ले दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येई. कंदील जवळ धरी, माझ्या कमरेवरून नख ओढी, आणि वहीत लिही, 'काही नाही'. महिन्यामागून महिने, काही नाही. एकदा मोठे वास्तुतज्ज्ञ आले. सगळं कॅथेड्रल फिरून ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "या इमारतीत सगळ्यात प्रामाणिक कोण असेल तर ही." मी फुगले नाही, कारण फुगलेलं प्लास्टर गळून पडतं. पण ते शब्द मी विसरलेही नाही.

प्रवासी तर रोज येत. बसगाड्या भरभरून येत. मोठ्या दारातून आत पाऊल टाकलं की प्रत्येकाची मान मागे जाई आणि तोंड उघडं पडे. आमचं छत चौदा मजल्यांइतकं उंच आहे, दगडी कमानींचं. आठशे वर्षांपूर्वी लोकांनी ते हातांनी चढवलं. रंगीत काचांमधून ऊन आत आलं की फरशीवर लाल-निळे डाग पडत, आणि लोक त्यांत उभं राहून फोटो काढत. सगळे वर बघत. खांबाच्या पायाशी कोणी बघत नसे. पाया ओल्या जमिनीत ठोकलेल्या ओकच्या खुंट्यांवर उभा आहे, हे तर बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. ओल आहे तोवर ते लाकूड दगडासारखं घट्ट. मला ठाऊक होतं, कारण खांबाच्या पोटातलं सगळं मला ऐकू येई.

आता एका थट्टेबद्दल सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिनेच केला. १९७४च्या जूनमध्ये नॉर्बेर कोए आणि फिलोमेन यांचं लग्न इथे लागलं. नॉर्बेर कॅथेड्रलच्या खुर्च्यांच्या गवती बैठका विणायचा. फिलोमेन नवरीच्या वेषात इतकी थरथरत होती की हातातली फुलं गळू लागली. लांग्लेला तिची दया आली. त्याने तिचा हात धरून माझ्यावर ठेवला.

"घाबरतेस काय पोरी? ही बघ, तेरा वर्षं झाली, जागची हललेली नाही. तूही हलू नकोस, म्हणजे झालं!"

सगळे हसले, फिलोमेनही हसली, आणि तिचं थरथरणं थांबलं. पुढच्या शनिवारच्या नवरीनेही माझ्यावर हात ठेवला. त्याच्या पुढच्या शनिवारच्या नवरीने नवऱ्यालाही ठेवायला लावला. दहा वर्षांत सेर्नव्हालमध्ये असं लग्न उरलं नाही की जे माझ्यावर हात न ठेवता लागलं. पट्टी अखंड तर संसार अखंड, असं लोक म्हणू लागले. लांग्ले डोकं खाजवी आणि म्हणे, "अरे, मी गंमत केली होती." पण एकदा गावाच्या तोंडी बसलेली गोष्ट कोण काढणार?

लांग्ले १९८९ साली वारला. त्याची वही पुजाऱ्यांच्या कपड्यांच्या खोलीतल्या खणात गेली आणि तो खण पुढे कोणी उघडला नाही. पहिल्या तारखेला नख ओढणारं कोणी उरलं नाही. हात मात्र रोज शेकडो लागत. मित्रांनो, दुर्लक्ष दोन तऱ्हांचं असतं. कोणी ढुंकून बघत नाही, ते एक. दुसरं म्हणजे सगळे कुरवाळतात, पण आपण कशासाठी आहोत ते कोणालाच आठवत नाही. मला हे दुसरं वाट्याला आलं, आणि ते पहिल्याहून वाईट, हे मी अनुभवाने सांगते.

मग ते तीन कोरडे उन्हाळे आले. नदी आटली. गावातल्या विहिरींचा तळ दिसला. लोक हवेबद्दल बोलत. मी मात्र खाली जमिनीत कान लावून होते. ओकच्या खुंट्यांची ओल उतरत होती. जे लाकूड आठशे वर्षं पाण्यात होतं ते पहिल्यांदा हवेत आलं आणि कुजू लागलं. दुपारच्या शांततेत खांबातून एक बारीक कुरकुर येई. एखादा म्हातारा खुर्चीतून उठताना करतो, तेवढीच. पुजारी प्रार्थना म्हणत, प्रवासी फोटो काढत, आणि माझ्या पाठीमागचा वारा दर आठवड्याला थोडा अधिक थंड होई. वर कमानींतून चिमूट-चिमूट पांढरी भुकटी गळू लागली. ती खुर्च्यांवर पडे. फिलोमेन ती फडक्याने पुसून टाकी.

हो, तीच फिलोमेन. आता ती सत्तरी ओलांडलेली बाई होती आणि वेदीवर फुलं मांडायचं काम तिच्याकडे होतं. नॉर्बेर माझ्या जवळच बसून खुर्च्या विणायचा. या जानेवारीत त्याच्या हृदयाने दगा दिला. दवाखान्यातून तो परत आला, पण अर्धा होऊन. जूनच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. त्याच रविवारी आमच्या संत ओदेबेरचा सण असतो. सगळं गाव, आठशे माणसं, मधल्या दालनात दाटीवाटीने उभी राहतात. संताच्या अस्थींची पेटी आठ जण खांद्यावर घेऊन खांबांभोवती फिरतात. पन्नास वर्षं झालेल्या जोडप्याला तेव्हा आशीर्वाद मिळतो, माझ्यासमोर, या खांबाखाली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी मी मोडले. टिक, एवढाच आवाज झाला. बरोबर कमरेत. मला दुखलं नाही. उलट त्रेसष्ट वर्षांनी माझं बोलणं एकदाचं तोंडाबाहेर पडलं. मला वाटलं, आता धावपळ होईल, दारं लागतील, माणसं बाहेर निघतील.

बुधवार गेला. गुरुवार गेला. कोणीतरी खुर्च्यांची एक उतरंड माझ्यासमोर आणून ठेवली होती. शुक्रवारी फिलोमेन झाडायला आली, तिने ती उतरंड सरकवली, आणि मला बघून ती मटकन खाली बसली. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला आणि इथे पट्टी मोडलेली. तिने हातांनी तोंड झाकलं. मग ती उठली आणि घरी गेली. परतली तेव्हा तिच्या पिशवीत भिंतीची भोकं बुजवायचं प्लास्टर होतं, लोणी लावायची सुरी होती आणि बाटलीत चिकोरीची गार कॉफी होती. तिने मला इतक्या मायेने लिंपलं की काय सांगू! एका हाताने लिंपत होती, दुसऱ्याने डोळे पुसत होती. नव्याचा पांढरेपणा दिसू नये म्हणून तिने कॉफीचा हात फिरवला, मेणबत्तीची काजळी चोळली. जखम भरली, निदान दिसायला तरी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एप्रिलमध्ये मी पुन्हा मोडले. तिने पुन्हा लिंपलं. जूनच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा मोडले, आता भेगेत सुरीचं पातं जात होतं. तिने तिसऱ्यांदा लिंपलं. मी ओरडावं आणि कोणीतरी प्रेमाने माझ्या तोंडावर उशी दाबावी, असं चाललं होतं. मला तिचा राग यायचा आणि दुसऱ्या क्षणी तिची कीवही यायची. रविवार जवळ येत होता. मला रोज तेच दिसे, या खांबाखाली उभी असलेली आठशे माणसं.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, प्रवाशांची एक बस आली. चाळीस मिनिटांचा मुक्काम, मग पुढे जेवण. आमची वाटाडी बेरांजेर त्यांना घेऊन आली. मोठी तोंडाळ पोरगी, पण मनाची चांगली.

"हात लावा, हात लावा! त्रेसष्ट वर्षं अखंड आहे. पण विचार करून लावा हं, नंतर सुटका नाही. तक्रार घेऊन माझ्याकडे यायचं नाही!"

लोक हसत पुढे आले. एक पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची बाई मात्र हसली नाही. ती मागे थांबली, बाकीचे पुढे गेल्यावर माझ्याजवळ आली आणि वाकून तिने तारीख वाचली.

"हे बाबांचं अक्षर आहे," ती म्हणाली.

फिलोमेन शेजारीच फुलदाणीत पाणी घालत होती. नॉर्बेर कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदाच बाहेर पडला होता आणि खांबापाशी खुर्चीवर बसून मांडीवर गवत घेऊन विणत होता. उद्याच्या सणाआधी एक बैठक पुरी करायचीच, असा त्याचा हट्ट होता.

"कोण तुमचे बाबा?" त्याने विचारलं.

"आन्सेल्म द्युक्रॉक. गवंडी होते. मी एद्मे. मुलीकडे निघालेय, वाटेत हे कॅथेड्रल लागतं म्हणून मुद्दाम ही बस घेतली. आयुष्यभर नुसतं ऐकत आलेय." तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्या कमरेवरून नख ओढलं. पस्तीस वर्षांनी कोणीतरी नख ओढलं होतं! मी जिवाच्या आकांताने वाट बघितली. नख सरळ गेलं. फिलोमेनचा हात फार सफाईचा होता.

"शाबूत आहे," एद्मे समाधानाने म्हणाली. "बाबांना बरं वाटलं असतं."

मित्रांनो, त्या क्षणाइतकी मी कधीच घाबरले नव्हते. जिला कळत होतं, तीही फसली.

"नखानं काय बघितलंत?" फिलोमेनने विचारलं.

"मोडलीय का ते. त्याचसाठी तर ती लावतात. लग्नाबिग्नाचं काय घेऊन बसलात! ती पोरगी सांगत होती ते ऐकून बाबांनी कपाळावर हात मारला असता. ही मोडली म्हणजे खांब हलला. मग दारं लावायची आणि सगळ्यांना बाहेर काढायचं. बाबा म्हणायचे, पट्टी मोडली की विसरलेली टोपी आणायलासुद्धा आत जायचं नाही."

फिलोमेनच्या हातातल्या झारीचं पाणी फुलदाणीबाहेर वाहत होतं.

"आणि समजा, कोणी ती लिंपून टाकली तर?"

"कोण लिंपेल?" एद्मे हसली. "पोराला ताप आला तर तापमापी गार पाण्यात बुडवून, उतरला बाई ताप, असं म्हणतं का कोणी? अहो, असा वेडेपणा कोण करेल?"

बाहेर बसचा भोंगा वाजला. तिने माझा एक फोटो काढला, नॉर्बेरला हात केला आणि ती लगबगीने निघून गेली. दार बंद झाल्याचा आवाज छतापर्यंत गेला आणि परत आला.

फिलोमेन हलेना. ती खांबासमोर बघत होती. उद्यासाठी मांडलेल्या दोन मखमली खुर्च्या तिथे होत्या. मला कळत होतं, तिच्या मनात काय चाललंय. गप्प राहिली तर उद्या आशीर्वाद आहे, गाणी आहेत, पन्नास वर्षांचा मान आहे. बोलली तर सण गेला, अब्रू गेली, आणि नवऱ्याला कळणार की पट्टी तीनदा मोडली होती. त्याच्या दुबळ्या हृदयाचं काय होईल?

"फिलो," नॉर्बेर हलकेच म्हणाला, "फुलांची सुरी दे इकडे."

"कशाला?"

"तुझ्या पिशवीत फेब्रुवारीपासून प्लास्टर आहे, आणि या खांबाला तुझ्या कॉफीचा वास येतोय."

ती गर्रकन वळली. "तुला माहीत होतं?"

"तुझ्या आधीपासून. दवाखान्यातून तपासून परत येताना, बुधवारी, बेरांजेरचा हात धरून इथे डोकावलो होतो. मोडलेली दिसली. तिलाच त्या खुर्च्या पुढे लावायला सांगितल्या, वाटेत अडचण होते असं सांगून. वाटलं, तू बघशील आणि खचशील."

"आणि मी लिंपत बसले, तू खचशील म्हणून."

"जोडीला जोडी, दुसरं काय!" तो म्हणाला. ती रडता रडता हसली, मग नुसतीच रडली. पन्नास वर्षं सोबत राहून दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती.

तिने स्वतःच्या हातांनी आपलं लिंपण खरवडलं. खपल्या पडत गेल्या. खाली माझी खरी भेग उघडी झाली, करंगळी जाईल एवढी. तेवढ्यात फादर गास्पार आले. सुरी, चुरा आणि फिलोमेनला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, हे काय चालवलंय? आणि तेही आजच्या दिवशी?"

"फादर, दारं लावा. उद्या आत कोणी नको," नॉर्बेर म्हणाला.

"उद्या बिशप येतायत नॉर्बेर! आठशे माणसं येणार, मुलं गाणी बसवतायत. काय असेल ते सोमवारी माणूस बोलावून बघू."

नॉर्बेरने वाद घातला नाही. त्याने मांडीवरची सगळ्यात लांब गवताची काडी उचलली, हातभर लांब, आणि तिचं टोक भेगेला लावलं. काडी आत गेली. वीतभर गेली, अर्ध्याहून जास्त गेली, तरी जातच राहिली. शेवटी त्याने बोटं सोडली आणि ती पुरती नाहीशी झाली. आत कुठेतरी ती खाली पडल्याचं फक्त मला ऐकू आलं.

फादरांनी भेगेपाशी तळहात धरला. आतला वारा त्यांना लागला. वरच्या सज्ज्यात गाणाऱ्या मुलांना त्यांनी टाळी वाजवून खाली बोलावलं आणि दोघा-दोघांच्या रांगेत दाराबाहेर नेलं.

रविवारी सण बाजारचौकात झाला. लाकडी बाकांवर बसून फिलोमेन आणि नॉर्बेरने आशीर्वाद घेतला. लोक कुजबुजत होते. कोणी म्हणालं, म्हातारीला भिंतीतलं भूत दिसलं आणि तिने अख्ख्या गावाचा सण खाल्ला. पाहणीला आलेल्या माणसांनी कुलूप लावून टेकूचं लाकूड मागवलं. मंगळवारी दुपारी ते लाकूड दारापाशी उतरवत असताना छताची एक कमान खाली आली. गाणाऱ्या मुलांच्या जागेवर, मखमली खुर्च्यांवर, फुलांवर. धूळ खाली बसायला संध्याकाळ झाली. आत कोणी नव्हतं. माझा डावा तुकडा तेव्हाच गळून पडला, उजवा खांबावरच आहे.

त्यानंतर कुजबुज थांबली आणि माझं कौतुक सुरू झालं. बेरांजेरने डावा तुकडा शोधून काढला. गावाचं म्हणणं पडलं की दोन्ही तुकडे जोडावेत आणि काचेच्या पेटीत ठेवावेत, म्हणजे लग्नाला पुन्हा हात लावता येईल. पालथ्या घड्यावर पाणी! फिलोमेनने तो तुकडा हिसकावून घेतला. "माझं लग्न मोडलं का? नाही ना? मग हिलाही मोडलेली राहू द्या," ती म्हणाली.

आता इथे टेकू आहेत, मचाणं आहेत, तीस कामगार आहेत. उरलेल्या खांबांवर नव्या पट्ट्या बसवल्या आहेत, प्रत्येकीवर तारीख आहे. पहिले दोन महिने मुकादम त्या रोज सकाळी तपासायचा. मग एक दिवसाआड तपासू लागला. काहीच होत नाही म्हटल्यावर आता सोमवारी तपासतो. दुपारी फिलोमेन कामगारांसाठी बटाट्याचं सूप घेऊन येते. आत यायची परवानगी कोणालाच नाही, पण तिला कोण अडवणार? तिच्यामुळे तर गाव वाचलं. नॉर्बेरही सोबत असतो, शिरस्त्राण घालून. दक्षिणेकडच्या खांबाखाली सावली असते, म्हणून सगळे तिथेच जेवायला बसतात.

मित्रांनो, प्रवासात तुम्ही मोठमोठी देवळं आणि राजवाडे बघाल. वर बघा, जरूर बघा. पण आधी माझ्यासारखी एखादी पट्टी दिसते का ते बघा. ती शाबूत असेल तर पुढे जा. मोडलेली असेल तर तिला कुरवाळू नका, सांधू नका, तिच्यावर हार घालू नका. मोठ्याने हाक मारा. आमची काळजी घेणं म्हणजे एवढंच.

आज शुक्रवार आहे. दक्षिणेकडच्या खांबावरची पट्टी आज सकाळी मोडली. टिक, एवढाच आवाज झाला. सूप वाढून झालंय, नॉर्बेर काहीतरी चेष्टा करतोय आणि तीस माणसं हसतायत. अजून कोणी तिच्याकडे पाहिलेलं नाही.